उतरता आकडा

मेंदूज्वर केंद्राच्या वॉर्डात शिरलं की कुणी आधी पेशंटकडे बघत नसे. बघायचं ते खाटेच्या उशाशी लावलेल्या पडद्याकडे. त्यावर एकच आकडा असे, लांबूनही वाचता येईल एवढा मोठा. चढत असेल तर तांबडा, उतरत असेल तर हिरवा. नातेवाईक दारातूनच तो वाचत, त्याप्रमाणे चेहरा करत आणि मग आपल्या माणसाजवळ जात. डॉक्टरांनी यावर हसावं अशी काही त्यांची लायकी नव्हती, कारण तेही तेच करत.

तासगाव हे बेदाण्याचं गाव. त्यामुळे आकडा दहाच्या खाली आला की नातेवाइकांनी वॉर्डभर बेदाणे वाटायचे अशी रीत पडून गेली होती. केंद्राच्या प्रमुख डॉ. त्रिशला चौगुले यांनी सुरुवातीला यावर बराच आरडाओरडा केला. वॉर्ड म्हणजे काय जत्रा आहे का, असं त्या म्हणाल्या. मग एका म्हातारीनं त्यांच्याच हातावर मूठभर बेदाणे ठेवले आणि पायाला हात लावला. तेव्हापासून त्यांनी तो विषय सोडला.

खरं सांगायचं तर त्रिशलाला ते आवडू लागलं होतं. तो आकडा तिचा होता.

क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणात शिरले की शरीर पांढऱ्या पेशींची फौज तिकडे धाडतं. या पेशी लढताना एक एन्झाइम तयार करतात. त्याचं नाव लांबलचक आहे, वॉर्डात सगळे त्याला नुसतं एडीए म्हणत. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जे पाणी खेळत असतं, त्यात हे एडीए उतरतं. लढाई जोरात असली की जास्त, औषधानं जंतू मरू लागले की कमी. जंतू स्वतः त्या पाण्यात सापडायचे मुश्किलीनं, आणि कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत माणूस हातचा जायचा. एन्झाइम मात्र लवकर सापडतं.

अडचण होती ती पाणी काढण्याची. कमरेच्या मणक्यात सुई घालावी लागते, आणि 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो' हा समज या भागात घट्ट बसलेला. पहिल्या सुईला लोक कसेबसे तयार होत. औषध लागू पडतंय का हे बघायला दुसऱ्यांदा सुई म्हटली, की पेशंटला उचलून घरी नेत. त्रिशलानं अशी माणसं रिक्षात घालून जाताना पाहिली होती. त्यातली पुष्कळशी परत आली नाहीत.

म्हणून तिनं उमेदीची सगळी वर्षं एका धाग्यात घातली. केसाहून बारीक धागा, टोकाला एडीए मोजणारा धातूचा कण. सुई एकदाच घालायची, तिच्यातून धागा आत सोडायचा आणि सुई काढून घ्यायची. धागा पाठीच्या पाण्यात राहून सतत आकडा कळवत राही. खाटेशेजारचा पंप तो आकडा वाचून सुजेवरचं स्टिरॉइड आपोआप कमीजास्त करी. एसटी स्टँडच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फलकांवर, गावोगावच्या लाउडस्पीकरवर एकच वाक्य गेलं: 'एकच सुई, दुसरी नाही.' लाउडस्पीकरवरचा आवाज त्रिशलाचा होता. लोक येऊ लागले, वेळेत येऊ लागले, आणि मरणारे निम्म्यानं कमी झाले.

अशा वेळी तिची धाकटी बहीण चेलना आजारी पडली.

चेलना म्हणजे बोलण्यात कुणाला हार न जाणारी बाई. सावळजच्या रस्त्याला तिचं आणि तिचा नवरा सन्मती मगदूम याचं बेदाण्याचं शेड होतं. माल नुसता बघून ती भाव सांगायची, आणि व्यापाऱ्यानं घासाघीस केली तर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायची. ताप अंगावर काढला, डोकेदुखीला चहा-बिस्किट हे औषध मानलं, आणि मान वळेनाशी झाली तेव्हा सन्मती तिला घेऊन आला.

"अक्का, तुझ्या दवाखान्यात यायला मला आजारीच पडायला लागलं बघ," खाटेवर कुशीवर वळत ती म्हणाली. "एरवी कधी बोलावलं न्हाईस."

"गप पड. हलू नकोस."

"लुळी पडले तर शेड तू सांभाळायचंस."

"मी सांभाळलं तर वर्षात बुडेल," त्रिशला म्हणाली. बहिणीची पाठ तिनं बोटांनी चाचपली, दोन मणक्यांमधली जागा शोधली आणि सुई घातली. सन्मती भिंतीकडे तोंड करून णमोकार मंत्र म्हणत होता. पाणी किंचित पिवळसर आलं. धागा आत गेला. पडदा लागला आणि तिथं तांबडा एकतीस उमटला.

त्रिशलानं तो दोनदा वाचला. पण औषधं सुरू झाली आणि पुढच्या काही दिवसांत तो आकडा उतरू लागला. सव्वीस, बावीस, सतरा. ताप गेला. चेलना उठून बसली, आणि नर्सला तिच्या साडीच्या रंगावरून टोमणा मारला. सन्मतीनं कोल्हापूरला होस्टेलवर असलेल्या मुलीला फोन लावून सांगितलं, "आई भांडायला लागली. म्हणजे बरी झाली."

आकडा नऊवर आला त्या दुपारी सन्मतीनं बेदाणे वाटले. दुसऱ्यांसारखी पिशवीभर नव्हे. शेडमधला पहिल्या प्रतीचा हिरवा लांब माल, पेट्याच्या पेट्या. वॉर्डात वाटले, ओपीडीत वाटले, पार्किंगमधल्या रिक्षावाल्यांना वाटले. त्याच्या आईनं गावच्या जैन मंदिरात, बस्तीत, शांतिविधानाची पूजा ठरवून टाकली. आसपासच्या पाच-सहा गावांत बातमी गेली की मगदुमांची सून अक्काच्या धाग्यानं वाचली. त्रिशलानंही दोन बेदाणे तोंडात टाकले. पंपानं हिरवा आकडा बघून स्टिरॉइड निम्म्यावर आणलं, तसं त्यानं करायचंच होतं.

त्याच दिवशी दिवेलागणीनंतर चेलनानं जेवायला मागितलं.

लग्नाआधीपासून तिनं सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण तोंडात घातला नव्हता. बाळंतपणात सासूनं हात जोडले तरी नाही. आता ती सन्मतीला म्हणाली, "भात दे की." त्यानं आनंदानं भरवलं. भूक लागली, याहून चांगलं लक्षण कोणतं? आजाऱ्याला काय नेम आणि काय नियम. त्रिशला तेव्हा दारात उभी होती. तिनं ते पाहिलं, आणि मग पडद्याकडे पाहिलं. आठ. ती हसून घरी गेली.

सकाळी निवासी डॉक्टर अन्वर मुजावर तिच्या केबिनमध्ये आला. पोरगा हुशार होता, भिडस्तही होता. तो बराच वेळ दारातच घुटमळला.

"मॅडम, तुमच्या सिस्टर... त्यांनी मला दोनदा 'दादा, मालाचं वजन घे' म्हणून सांगितलं. मी डॉक्टर आहे म्हटलं तर हसल्या."

"ती सगळ्यांचीच टिंगल करते."

"टिंगल नाही वाटली मला. आणि डावा डोळा बघाल का एकदा?"

"आकडा किती?"

"सहा," अन्वर म्हणाला आणि खाली बघू लागला.

त्रिशला उठली. या वेळी तिनं पडद्याकडे पाठ केली आणि बहिणीसमोर बसली. बोट नाकासमोरून डावीकडे नेलं. उजवा डोळा बोटामागे गेला. डावा मध्येच थांबला, पुढं सरकेना. डोक्यात दाब वाढला की ही नस सर्वांत आधी हार मानते, हे तिनं स्वतः कैक बॅचेसना शिकवलं होतं.

"चेलना, मी कोण?"

चेलना तिच्याकडे बघत राहिली. मग अगदी सभ्यपणे, पाहुण्यांशी बोलावं तसं म्हणाली, "बसा की. चहा टाकू?"

त्रिशला उठली. बाहेर कॉरिडॉरमध्ये अन्वरनं तिच्या मनातलंच बोलून दाखवलं. "मॅडम, वर ब्लॉक झाला असेल तर?"

क्षयाच्या मेंदूज्वरात एक चिकट, दाट साका तयार होतो. तो मज्जारज्जूभोवती बसला की वरचं पाणी खाली यायचं थांबतं. बागेतली ठिबकची नळी मध्येच चोक व्हावी तसंच ते. मेंदूभोवती लढाई पेटलेली असते, आणि कमरेशी अडकलेलं पाणी शिळं होत जातं. त्यात नवं एडीए येत नाही, जुनं आपोआप विरतं. कमरेतला धागा त्या शिळ्या पाण्यात बसून इमानदारीनं सांगत राहतो, कमी होतंय, कमी होतंय. आणि पंप त्याचं ऐकून वरच्या मेंदूचं औषध तोडत जातो.

पटकन काढलेल्या सीटीत मेंदूतले पाण्याचे कप्पे जरासे मोठे दिसले, पण ते पहिल्या दिवशीही तसेच होते. एमआरआयनं ब्लॉक दिसला असता. पण धाग्याच्या टोकाला धातू, तो आत असताना एमआरआय नाही. धागा काढला तर पुन्हा घालायला दुसरी सुई. खात्रीचा उपाय एकच होता. कवटीला बारीक छिद्र पाडून वरचं पाणी थेट काढायचं. तपासही होतो आणि दाबही उतरतो. पंप त्रिशलानं स्वतःच्या हातानं बंद केला आणि स्टिरॉइड वाढवलं. तेवढं तिच्या अखत्यारीत होतं. छिद्रासाठी मात्र सन्मतीची सही हवी होती, कारण आकडा उतरत असेल तर नातेवाइकांच्या संमतीशिवाय पेशंटला हात लावायचा नाही, हा नियम होता. तो नियमही लोकांचा विश्वास बसावा म्हणून तिनंच आग्रहानं घालून घेतलेला.

सन्मतीनं सगळं ऐकून घेतलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो हसला.

"अक्का, बहीण हाय म्हणून तुमचा जीव घाबरा झालाय. साहजिक हाय. पर आकडा बघा की."

"आकडा कमरेचा आहे, सन्मतीराव. मी डोक्याबद्दल बोलतेय."

"काल निम्म्या गावाला सांगितलं, अक्काच्या धाग्यानं बरी झाली. आई तिकडं विधानाला बसलीय. आता डोक्याला भोक पाडलं म्हणून सांगू? लोक काय म्हणतील ते जाऊ दे वो, तिला काय झालं तर?"

"नाही पाडलं तर होईल."

"तुमची मशीन चुकते का कधी?"

हा प्रश्न तिला तिच्या आयुष्यात कधी कुणी इतक्या सरळपणे विचारला नव्हता. परिषदांमध्ये विचारत, पण तिथं टक्केवारी सांगून भागे. चुकते, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. वॉर्डभर लोक कान देऊन होते. चार नंबरच्या खाटेवरच्या मुलाची आई काल रात्रीच बाँडवर अंगठा द्यायला तयार झाली होती. आज सुई ठरली होती. धागा चुकतो असं खुद्द अक्का म्हणाली, तर ही आई मुलाला उचलून नेईल. तिच्यामागे आणखी किती जातील?

"एकच सुई म्हणून तुमीच सांगितलंय. स्टँडवर लिहिलंय," सन्मती समजुतीच्या सुरात म्हणाला. "उद्यापर्यंत बघू की. आकडा फिरला तर काय पाहिजे ते करा, मी आडवा येणार न्हाई."

नियमाला एक पळवाट होती. प्रमुखानं जीव धोक्यात असल्याचं लिहून दिलं की सही लागत नसे. लिहायला तिला कितीसा वेळ लागणार होता? पण लिहायचं म्हणजे हिरव्या आकड्याच्या विरोधात लिहायचं. ती खाटेकडे गेली. चेलना डोळे मिटून पडली होती, श्वास शांत होता. पडद्यावर पाच. आणि त्रिशलाला, इतकं सगळं कळत असताना, वाटून गेलं की कदाचित सन्मतीचंच बरोबर असेल. कदाचित डोळा आधीच तसा असेल. स्टिरॉइड वाढवलंच आहे. आपली बहीण म्हणून आपण उगाच घाबरलो असू.

"ठीक आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी बघू."

अन्वर काहीतरी बोलणार होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो पुढच्या खाटेकडे वळला.

सकाळ उजाडायच्या आत चेलनाला झटका आला. त्रिशला पोचली तेव्हा एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन दगडासारखी झाली होती, प्रकाशाला दाद देत नव्हती. आता कुणाच्या सहीची गरज नव्हती. सन्मतीनं हात जोडले, "भोक पाडा, काय पण करा." कवटीत छिद्र पडलं तेव्हा आतलं पाणी दाबानं उसळून बाहेर आलं. अन्वरनं नमुना प्रयोगशाळेत नेला आणि परत आला. रिपोर्ट त्यानं हातात दिला नाही, तोंडीच सांगितला. एडीए चौसष्ट.

उशाशी पडद्यावर हिरवा चार होता.

चेलना मेली नाही. एका अर्थी हे केंद्राचं यशच म्हणायचं. वरच्या पाण्याला वाट मिळाली, औषधं पोचली, जंतू मेले, साका विरघळला. पण त्या एका रात्रीत मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्या आवळल्या होत्या आणि ज्या भागाचं रक्त तुटलं तो भाग गेला. त्यात तिचं बोलणं होतं, माणसं ओळखणं होतं. ती डोळे उघडायची. नळीतून जेवायची. काही आठवड्यांनी आकडा दोनवर येऊन स्थिरावला आणि यंत्रणेनं आपणहून तिच्या नावापुढे 'बरा झालेला रुग्ण' अशी नोंद केली.

त्रिशलानं ती नोंद वाचली. मग तिनं जुन्या बऱ्या झालेल्या रुग्णांना एकेक फोन लावायला घेतले. पडवळवाडीची एक बाई आकडा उतरून घरी गेली होती. तिचा नवरा म्हणाला, बरी हाय, फक्त चुलीपाशी बसती आणि पेटवायचं विसरती. एक मास्तर घरी गेले होते, आता वर्गात शिरल्यावर रडतात. आजारच तसा होता, असं घरचे म्हणत होते. केंद्रानंही तेच म्हटलं होतं. सगळ्यांनाच ब्लॉक झाला असेल असं नाही. किती जणांना झाला, ते आता कुठल्याच एन्झाइमवरून सांगता येणार नव्हतं.

तिनं वर आरोग्य खात्याला पत्र धाडलं, की धागा एकट्यानं पुरेसा नाही, गरज पडली तर दुसरी सुई लागेल असं लोकांना सांगितलं पाहिजे. वरच्या साहेबांनी फोन केला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, हे सांगितलं तर पहिल्या सुईलाही कुणी येणार नाही. आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. तुम्ही सांगा, काय करू?" तिनं फोन ठेवला. भिंतीवरचं वाक्य तसंच राहिलं. अन्वरनं मिरजेला बदली मागून घेतली. जाताना तो भेटायला आला आणि दारातूनच नमस्कार करून गेला.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी दुपारी त्रिशला बहिणीच्या खोलीत गेली. सन्मती चेलनाचे पाय तेल लावून चोळत होता. शेड त्यानं भावाला चालवायला दिलं होतं. त्याची दाढी वाढली होती, ती पांढरी निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"फिजिओवाल्यानं सांगितलंय, रोज चोळायचं," तो म्हणाला. "उपयोग होईल का वो?"

"पाय आखडणार नाहीत."

"मी ते न्हाई विचारलं."

त्रिशला खुर्ची ओढून बसली. खोटं बोलायचं तिनं आता सोडून दिलं होतं, फार उशिरा. "नाही. ती परत येणार नाही, सन्मतीराव."

तो चोळत राहिला. टाच, घोटा, पोटरी. मग बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाला, "मी लई विचार केला. रोज करतोय. मी नको म्हणालो, हे मला कळतंय. मी बेदाण्यातला माणूस. हिरवं दिसलं की चांगलं, एवढंच मला कळतं. माझ्यासारखा नवरा नकोच म्हणणार होता." त्यानं मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. "तुमाला तर कळत होतं. मग तुमी माझं का ऐकलंत?"

त्या दिवसापासून ती हेच स्वतःला विचारत होती आणि दर वेळी वेगळं उत्तर देत होती. नियम होता. चार नंबरचा मुलगा होता, तो वाचलाही, धावत घरी गेला. लोकांचा विश्वास होता. सगळी उत्तरं खरी होती आणि एकही त्याला देण्यासारखं नव्हतं.

"तो आकडा खरा असावा असं मला वाटत होतं," ती शेवटी म्हणाली. "तुमच्यापेक्षाही जास्त."

सन्मतीनं मान हलवली, भाव पटल्यावर व्यापारी हलवतो तशी, थोडीशीच. त्यानं पांघरूण नीट केलं, चेलनाच्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलेली लाळ आपल्या रुमालानं पुसली.

"अक्का, घरी तिला बघायला कुणाला तरी पाठवत जावा," तो म्हणाला. "तुमी नका येऊ."

त्रिशला उठली. दारापाशी क्षणभर थांबून तिनं बहिणीला नावानं हाक मारली. चेलना छताकडे बघत होती. हाक कुणाला मारली, हे तिला कळलं नाही.